जमाखर्चाची वही आणि शुभवर्तमान

वर्धेचें नांव निघालें कीं सेवाग्रामची बापूकुटी आणि पवनारचा धाम नदीकांठचा विनोबांचा आश्रम हीं दोन स्थळें मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें तत्काळ उभीं राहतात. त्याच वर्धा शहरांतील मगनवाडीचें नांव मात्र फारसें कोणाच्या जिभेवर नसतें. आणि त्या मगनवाडींत अनेक वर्षें राहून एका ख्रिस्ती हिशेबतपासनिसानें येशूच्या शिकवणीचा धनाच्या बाजूनें जो विचार केला, त्याची तर आपल्याकडे फारच थोडी दखल घेतली गेली आहे. या गृहस्थांचें नांव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. १९४५ सालीं त्यांचीं दोन लहान इंग्रजी पुस्तकें प्रसिद्ध झालीं : ‘प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस’, म्हणजे येशूचें आचरण आणि उपदेश; आणि ‘ख्रिश्चॅनिटी : इट्स इकॉनमी अँड वे ऑफ लाइफ’, म्हणजे ख्रिस्ती धर्मांतील अर्थव्यवहार आणि जीवनमार्ग. ख्रिस्ती वाचकास तीं एका गांधीभक्ताचीं म्हणून परकीं वाटावीं, आणि गांधीभक्तास एका ख्रिस्ती माणसाचीं म्हणून आपल्या कामाचीं नाहींत असें वाटावें, हें स्वाभाविकच होतें. अशीं दोहोंच्या मध्यें पडून राहिलेलीं पुस्तकें पुन्हां हातीं घेण्याचें कारण एकच. श्रीमंताचा गरिबाशीं नेमका संबंध कोणता, या जुन्या प्रश्नाचें त्यांतील उत्तर मुळींच सोयीचें नाहीं. आणि एकदां वाचल्यावर तें मनांतून काढूनहि टाकतां येत नाहीं.

ग्रंथकाराचा थोडा परिचय आवश्यक आहे, कारण या लेखनाचा स्वभाव त्याच्या व्यवसायांतून आलेला आहे. कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजीं तंजावर येथें एका ख्रिस्ती कुटुंबांत झाला. लंडनला हिशेबतपासणीचें शिक्षण घेऊन त्यांनीं मुंबईंत तो व्यवसाय केला. पुढें अमेरिकेंत सिरॅक्यूज व कोलंबिया या विद्यापीठांत अर्थशास्त्राचा अभ्यास करतांना हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा सरकारी जमाखर्चाशीं काय संबंध आहे हा विषय त्यांनीं हातीं घेतला, आणि त्या अभ्यासानेंच त्यांचें आयुष्य फिरविलें. १९२९ च्या मे महिन्यांत साबरमतीस ते गांधीजींना भेटावयास गेले तेव्हां अंगावर उत्तम विलायती पोषाख होता. समोर शेणानें सारवलेल्या जमिनीवर बसून एक वृद्ध गृहस्थ सूत कांतीत होते. त्या भेटीनंतर पोषाखहि गेला आणि व्यवसायहि गेला. मातर तालुक्यांतील खेड्यांची आर्थिक पाहणी, १९३० सालीं गांधीजी तुरुंगांत असतां ‘यंग इंडिया’चें संपादन, त्यापायीं स्वतःचा तुरुंगवास, असा क्रम चालू झाला. १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हां त्याचे चिटणीस म्हणून कुमारप्पा वर्धेस आले. जमनालाल बजाज यांनीं संघास दिलेल्या जागेस मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हें नांव मिळालें, व तेंच त्यांचें घर झालें. १९४२ च्या चळवळीनंतर ते जबलपूरच्या तुरुंगांत गेले, आणि दोहोंपैकीं पहिलें पुस्तक त्या तुरुंगांतच लिहिलेलें आहे. त्यास गांधीजींची प्रस्तावना असून, कोणत्याहि धर्माच्या श्रद्धावान माणसानें तें वाचावें अशी शिफारस त्यांनीं केली आहे.

या माणसाचा हिशेबीपणा किती कडक होता याची एक गोष्ट सांगितली जाते. १९३४ च्या जानेवारींत बिहारांत भयंकर भूकंप झाला, आणि मदतनिधीचा हिशेब पाहण्याचें काम कुमारप्पांकडे आलें. गांधीजी तेथें आले असतां त्यांच्या व त्यांच्या मंडळींच्या खर्चाचा प्रश्न निघाला. भूकंपग्रस्तांसाठीं जमलेल्या पैशांतून तो खर्च देतां येणार नाहीं, असें या तपासनिसानें स्पष्ट कळविलें. ज्याच्या पायाशीं आपलें सर्वस्व वाहिलें त्याच्याहि खर्चावर हरकत घ्यावयास जो कचरत नाहीं, तोच माणूस पुढें शुभवर्तमान हातीं घेऊन स्वतःच्या धर्मबांधवांची वही तपासूं लागला तर ती तपासणी कशी होईल हें वाचकांनीं ताडावें.

पुस्तकाच्या नांवांतच ग्रंथकाराची भूमिका आलेली आहे. आचरण आधीं, उपदेश नंतर. येशूवर श्रद्धा ठेवणें म्हणजे त्याच्याविषयींचे कांहीं सिद्धांत मान्य करणें, ही समजूत कुमारप्पांस मान्य नाहीं. येशूनें जें केलें तें आपल्या परिस्थितींत करावयास निघणें, हीच त्यांच्या मतें श्रद्धेची एकमेव खूण होय. चर्च ही संस्था राज्यसत्तेच्या आश्रयास गेली, तिनें युद्धांस आशीर्वाद दिले आणि धनाची सेवा पत्करली, असा त्यांचा उघड आरोप आहे. हा आरोप त्यांनीं तुरुंगांत बसून प्रथमच केला असेंहि नाहीं. सत्याग्रह येशूच्या शिकवणींत बसत नाहीं असें मत कलकत्त्याचे बिशप व हिंदुस्थानच्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख फॉस वेस्टकॉट यांनीं १९३० सालीं मांडलें, तेव्हांच कुमारप्पांनीं त्यांस जाहीर उत्तर दिलें होतें.

परंतु चर्चवरील टीका हा या लेखनाचा मोलाचा भाग आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तशी टीका पुष्कळांनीं केली आहे, आणि दुसऱ्याची वही तपासणें केव्हांहि सोपें असतें. कुमारप्पांचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांनीं आत्मपरीक्षणाचा प्रश्नच बदलून टाकला. सामान्य धार्मिक माणूस, मग तो ख्रिस्ती असो कीं हिंदु, रात्रीं अंथरुणावर पडतांना स्वतःस विचारतो : आज मीं गरिबास कांहीं दिलें काय? कुमारप्पा विचारावयास लावतात : आज माझ्याकडे जें आलें तें कोणाच्या ताटांतून आलें? पहिल्या प्रश्नांत माणूस दाता असतो, आणि उत्तर कांहींहि आलें तरी त्याचें आसन हलत नाहीं. दुसऱ्या प्रश्नांत तो ऋणको होतो.

हा विचार त्यांनीं १९३६ सालच्या ‘व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?’ या आपल्या आधींच्या पुस्तकांत एका साध्या उदाहरणानें मांडलेला आहे. मनुष्य बाजारांत जाऊन कोकोचा एक डबा विकत घेतो. तो कोको आफ्रिकेंतील मळ्यांत तेथील लोकांस सक्तीनें राबवून पिकविलेला असेल. ज्या समुद्रमार्गानें तो आला तो मार्ग आरमाराच्या जोरावर मोकळा ठेवलेला असेल. ज्या कारखान्यांत तो डब्यांत भरला तेथील मजुरांस पोटभर मजुरी मिळत नसेल. तर डब्याची किंमत मोजणारा गृहस्थ या सर्व कृत्यांत भागीदार झाला, असें कुमारप्पा म्हणतात. पैसा दिला म्हणजे संबंध संपला, अशी आपली समजूत असते. त्यांच्या मतें पैसा दिला म्हणजे संबंध सुरू होतो. १९४५ मध्येंच आलेल्या ‘इकॉनमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथांत त्यांनीं अर्थव्यवहाराच्या पांच पायऱ्या कल्पिल्या आहेत. दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारा वाघ पहिल्या पायरीवर, आणि परतफेडीची अपेक्षा न धरतां पिलास भरविणारी पक्षीण शेवटच्या पायरीवर. आपण सभ्य माणसें कोणावर झडप घालीत नाहीं हें खरें. पण आपल्यासाठीं कोणी झडप घालतो काय, याची चौकशीहि आपण करीत नाहीं.

या दृष्टीनें शुभवर्तमान पुन्हां वाचावें म्हणजे परिचित कथांस वेगळाच अर्थ येतो. लूकच्या शुभवर्तमानांत दोन श्रीमंत येशूसमोर येतात. एक सुशील, आज्ञापालक अधिकारी. दुसरा जकातदारांचा मुख्य जक्कय, ज्यास सारें गांव पापी म्हणत असे. पहिल्यास सर्वस्व विकून गरिबांस वांटावयास सांगितलें तेव्हां तो खिन्न झाला. दुसऱ्यास कोणीं कांहींच सांगितलें नव्हतें. उंबरावरून उतरून येशूस घरीं नेल्यावर तो आपण होऊन दोन गोष्टी बोलला. अर्धी मालमत्ता गरिबांस देतों, ही एक. आणि कोणाचें अन्यायानें घेतलें असेल तर चौपट परत करतों, ही दुसरी. प्रवचनांत पहिल्या वाक्याची वाहवा होते, परंतु जक्कयाची खरी परीक्षा दुसऱ्यांत आहे. अर्धें देण्यास उदार मन पुरतें. चौपट परत करण्यास मात्र वही उघडावी लागते, कोणाकडून किती घेतलें तें नांवनिशीवार पाहावें लागतें, आणि त्या त्या माणसाच्या दारीं जाऊन आपण चुकलों असें म्हणावें लागतें.

आपल्या परंपरेसहि ही गोष्ट परकी नाहीं. देहूच्या सावकारी घराण्यांत जन्मलेल्या तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं, ही कथा महाराष्ट्रांतील मुलांसहि ठाऊक आहे. तींत अन्नछत्र नाहीं, धर्मशाळा नाहीं. आहे ती केवळ येणें बाकी सोडून देणें. उलट आपल्या बाजारपेठांतून धर्मादाय म्हणून जी रक्कम कापण्याची वहिवाट होती, तिच्याकडे पाहावें. व्यवहाराच्या पट्टींतच ती गिऱ्हाइकाच्या किंवा शेतकऱ्याच्या पैशांतून वळती होई, आणि तिच्यावर मंदिर उभें राहिलें म्हणजे पाटीवर नांव व्यापाऱ्याचें लागे. दान आणि परतफेड यांतील अंतर दाखविण्यास याहून बोलका दाखला मिळणार नाहीं.

कोकोचा डबा आफ्रिकेंतला म्हणून दूरचा वाटेल. म्हणून वर्धा जिल्ह्याचीच वस्तु घेऊं. हिंगणघाटच्या कापसाचें नांव गेल्याच्या गेल्या शतकांत विलायतेच्या बाजारांतहि माहीत होतें. अमेरिकेंतील यादवीनें तेथील कापूस अडला आणि रेल्वे या भागांत आली, तेव्हांपासून येथल्या शेतकऱ्याचा भाव त्यानें न पाहिलेल्या गांवीं ठरूं लागला. आज मँचेस्टर राहिलें नाहीं, परंतु भाव दुसरीकडे ठरण्याचें चुकलें नाहीं. २००६ सालीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें केंद्र सरकारनें विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठीं विशेष मदत जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ यांजबरोबर वर्धाहि होता. ती बातमी आपण सर्वांनीं वाचली, हळहळलों, कांहींनीं मदतहि पाठविली. परंतु ती बातमी वाचतांना अंगांत जो सुती सदरा होता, त्याच्या किंमतींतून कापूस पिकविणाराच्या हातीं काय पडलें असेल, असा प्रश्न आमच्या मनांत आला नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. कुमारप्पा जो हिशेब मागतात तो हाच.

आतां या लेखनाचे दोष. पहिला ख्रिस्ती वाचकाच्या बाजूचा. कुमारप्पांच्या मांडणींत कर्तव्यास जेवढी जागा आहे तेवढी क्षमेस नाहीं. येशूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत मत्तयाच्या पाठाप्रमाणें अपराधास ऋण हाच शब्द आहे, आणि ऋण माफ होण्याची याचना आहे. मनुष्याचा हिशेब कधींच पुरता जमत नाहीं, ही जाणीव त्या प्रार्थनेच्या मुळाशीं असावी. हिशेबतपासनिसास या शब्दाचें मोल इतरांहून अधिक कळावयास हवें होतें. क्षमेचा आधार नसेल तर इतकें कठोर आत्मपरीक्षण माणसास एक तर निराश करतें, नाहीं तर आपण शुद्ध राहिलों या अहंकारांत नेऊन सोडतें. खादी वापरणाऱ्यांत हा दुसरा रोग कसा बळावला तें महाराष्ट्रानें पाहिलेलें आहे.

दुसरा दोष गृहस्थाश्रमी वाचकाच्या बाजूचा. कुमारप्पा आजन्म अविवाहित राहिले. त्यांनीं विलायती पोषाख टाकला तेव्हां घरांतील कोणाच्या ताटांतली भाकर कमी झाली नाहीं. ख्रिस्ती महाराष्ट्रांत धनत्यागाचें याहून जवळचें उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला. टिळकांची उदारता मोठी होती यांत शंका नाहीं. परंतु त्या उदारतेचा घरांतला जमाखर्च लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त वाचावयास मिळतो, आणि तो खर्च मुख्यतः कोणाच्या नांवें पडला हें तेथें उघड दिसतें. लक्ष्मीबाई तें हंसत हंसत सांगतात, म्हणून तें कमी ठरत नाहीं. एकानें टाकलेलें ओझें दुसऱ्याच्या डोक्यावर जात असेल तर तो त्यागहि तपासणीस पात्र आहे. कुटुंबवत्सल माणसानें हा प्रश्न कसा सोडवावा याविषयीं कुमारप्पांच्या लेखनांत फारसें मार्गदर्शन मिळत नाहीं. आमच्या मतें त्याची पहिली पायरी एवढीच कीं, घरांतील वही घरांतील सर्वांनीं मिळून उघडावी.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, कारण तो त्यांच्या विचाराच्या गाभ्यास लागतो. कोणी म्हणेल, एका डब्यामागें किंवा एका सदऱ्यामागें किती हात लागले याचा पत्ता सामान्य माणसानें लावावा कसा? कुमारप्पांपाशीं याचें उत्तर आहे, आणि तें सुसंगत आहे. जेवढ्या वर्तुळांतील व्यवहारांची खात्री आपणांस करतां येईल तेवढ्यांतच देवघेव ठेवावी, असें ते सांगतात. ग्रामोद्योगाचा पाया त्यांच्या दृष्टीनें हाच. गांवच्या तेल्याकडून तेल घेतलें तर तेली उपाशी आहे कीं नाहीं तें दिसतें. मगनवाडींतील घाणी आणि हातकागद यांकडे जुन्याचा हव्यास म्हणून पाहणाऱ्यांनीं हा मुद्दा लक्षांत घ्यावा. कुमारप्पांस खेडें हवें होतें तें तेथें सद्सद्विवेकाची नजर पोंचते म्हणून.

परंतु जवळ असलें म्हणजे दिसतेंच काय? लूकच्याच शुभवर्तमानांत त्या श्रीमंताची गोष्ट आहे, जो जांभळीं व तलम वस्त्रें लेऊन रोज मेजवान्या करीत असे. त्यानें लाजरास मारलें नाहीं, लुटलें नाहीं, दारांतून हांकललेंहि नाहीं. कथेंत त्याचा कोणताच गुन्हा सांगितलेला नाहीं. लाजर आफ्रिकेच्या मळ्यांत नव्हता. दारापाशींच पडलेला होता, आणि दिसला नाहीं. आपल्या खेड्यांचा इतिहास याच कथेचा इतिहास आहे. गांवकूस एक, पाणवठे मात्र निराळे. तेली जवळचा, सावकार जवळचा, आणि महारवाडाहि हांकेच्या अंतरावर. खुद्द वर्धा शहरांतील लक्ष्मीनारायणाचें मंदिर जमनालालजींनीं अस्पृश्यांस खुलें केलें तें १९२८ सालीं. तोंपर्यंत देव आणि भक्त यांत अंतर पावलांचेंच होतें. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं खेड्याच्या गौरवावर जो कठोर प्रहार केला, त्याचें मर्म हेंच कीं, ज्यास खेड्यानें जवळ ठेवूनहि दूर केलें त्यास त्या जवळिकीचें कौतुक सांगूं नये. कुमारप्पांच्या योजनेंतील दुबळा सांधा येथें आहे. अंतर कमी केल्यानें पाहण्याची सोय होते. पाहण्याची इच्छा त्यानें उत्पन्न होत नाहीं. आणि ही इच्छा उत्पन्न करण्याचें काम ज्या धर्माचें, त्याच्याच ग्रंथांतील लाजर आपणांस सांगतो कीं धर्मशील घराच्या उंबऱ्यावरहि ती मरून पडलेली असूं शकते.

इतकें सर्व मान्य करूनहि हीं पुस्तकें वाचकांनीं वाचावीं असें आम्ही आग्रहानें म्हणतों. त्यांची भाषा साधी, क्वचित् रुक्ष. युक्तिवाद कोठें कोठें घाईचा. पाश्चात्त्यांविषयींचा निवाडा सरसकट. परंतु लेखक स्वतःच्या लेखणीस बांधलेला आहे. येशूच्या आचरणावर लिहिणाऱ्यानें तें तुरुंगांत लिहावें, आणि सुटल्यावर पुन्हां घाणीच्या व धान्याच्या हिशेबांत बसावें, हा योग नेहमीं येत नाहीं. पुढें मगनवाडी सोडून ते याच जिल्ह्यांतील सेलडोह येथें शेती आश्रमांत राहिले, नंतर प्रकृतीमुळें दक्षिणेंत गेले, आणि ३० जानेवारी १९६० रोजीं, गांधीजींच्या पुण्यतिथीसच, मदुरा येथें वारले. मगनवाडींतील संग्रहालय, ज्याचें उद्घाटन १९३८ च्या डिसेंबरांत गांधीजींनीं केलें, आजहि उभें आहे. वर्धेस जाणाऱ्यांनीं सेवाग्राम पाहून झाल्यावर तेथेंहि जावें.

न जमल्यास आणखी एक गोष्ट घरबसल्या करतां येते. महिन्याच्या अखेरीस आपण खर्च मांडतों, तेव्हां प्रत्येक रकमेपुढें वस्तूचें नांव लिहितों. एखाद्या महिन्यांत त्यापुढें आणखी एक रकाना ओढावा, आणि ती वस्तु कोणाच्या हातची तें लिहून पाहावें. बहुतेक जागा कोऱ्या राहतील. ज्या थोड्या भरतील त्यांत घरीं भांडीं घासणाऱ्या बाईचें नांव पहिलें येईल, आणि तिला आपण काय देतों तें शेजारींच लिहिलेलें असेल. लाजर दारापाशींच होता. त्या एका नांवापासून आरंभ केला तरी पुरे.